लोरेटाच्या नावाची लिली

"लोरेटा, खरं सांग, मी मेलेल्या बाईशी बोलतेय का?" असं म्हणून आर्लीन फोनवर हसायला लागली.

आर्लीन संत किंगाच्या चर्चच्या ऑफिसात गेली तीस वर्षं बसते. बफलोच्या पूर्वेकडच्या आमच्या त्या चार गल्ल्यांत कोण आजारी आहे, कुणाचं कुणाशी फाटलं, कुणाची सून नांदायला तयार नाही, हे फादरच्या आधी तिला कळतं. ईस्टरच्या फुलांच्या पैशांची पाकिटं तिच्याच टेबलावर जमतात. वेदीपुढे लिलीच्या कुंड्यांची जी रास लागते, तिच्यातली प्रत्येक कुंडी कुणाच्या ना कुणाच्या नावाने दिलेली असते. पाकिटावर दोन चौकोन छापलेले असतात. वरचा चौकोन आहेत त्यांच्यासाठी, त्यावर 'सन्मानार्थ' असं लिहिलेलं. खालचा गेलेल्यांसाठी, त्यावर 'स्मरणार्थ'. मग सगळी नावं ईस्टरच्या पत्रकात दोन याद्यांत छापून येतात आणि फादरचं प्रवचन चालू असताना लोक त्याच याद्या वाचत बसतात. कुणाचं नाव आलं, कुणाचं यायचं राहिलं, कोणत्या सुनेने सासूचं नाव टाकलं नाही, यावर पुढे आठवडाभर पुरेल इतकं बोलणं होतं.

तर आर्लीनच्या हातात सोबचाक कुटुंबाचं पाकीट होतं. ते दर वर्षी नॉर्बर्टच भरतो, हे तिला ठाऊक होतं, कारण एवढं सुबक अक्षर अख्ख्या चर्चमध्ये दुसऱ्या कुणाचं नाही. खालच्या चौकोनात नेहमीची चार नावं होती: नॉर्बर्टचे वडील वॉल्टर, आई स्टेला, भाऊ रेमंड, आणि दोनच दिवस जगलेली लेक ॲन मेरी. त्यांच्याखाली या वर्षी पाचवं नाव होतं. लोरेटा ॲन सोबचाक, प्रिय पत्नी.

"म्हातारा चौकोन चुकला," आर्लीन म्हणाली. "तुला वर घेते, काय? उद्या छापायला जायचंय."

लोरेटा इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि तीही हसली. हसणं भाग होतं. नॉर्बर्ट हल्ली विसरतो, हे चर्चमध्ये सगळ्यांना माहीत होतं, पण तो काय काय विसरतो हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. अरिझोनात राहणाऱ्या मुलीलासुद्धा, पॉलाला, तिने अर्धंच सांगितलं होतं. लोकांची कीव घरात एकदा शिरली की जाता जात नाही, असं तिची आई म्हणायची.

चौकोन चुकला नव्हता. नॉर्बर्टने आयुष्यात कधी चौकोन चुकवला नाही. छत्तीस वर्षं तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायला होता. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर त्याचं घर चाललं. निवृत्त झाल्यावर चर्चचं पत्रक हाती लागलं. दर रविवारी तो खिशात पेन्सिलीचा तुकडा घेऊन यायचा आणि प्रार्थना संपेपर्यंत पत्रकाच्या कडा खुणांनी भरून टाकायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. नॉर्बर्टची बाकी सगळी अक्कल गेली, ही खोड तेवढी राहिली.

बायको मेली हे त्याने वाचलं होतं, आणि वाचलं होतं दगडावर.

आमच्याकडे थोडाफार पैसा गाठीला असलेलं जोडपं दफनभूमीत आपली जागा आधीच घेऊन ठेवतं. दगड उभा करतात, दोघांची नावं कोरतात, जन्मसाल घालतात, पुढचं साल कोरायची जागा मोकळी ठेवतात. मागे राहणाऱ्यांना त्रास नको, एवढाच त्यात हेतू. लोरेटानेच मागे लागून मागच्या सप्टेंबरात ते काम उरकलं होतं. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी फादर कबरींवर पाणी शिंपडत फिरले, तेव्हा हे दोघं त्या नव्या दगडापुढे उभे होते. नॉर्बर्टने चष्मा लावला. दगड वरपासून खालपर्यंत वाचला. मग टोपी काढली.

"माझं नाव चुकून आलंय," तो म्हणाला. "मी तर इथे उभा आहे. आणि हिची तारीख घालायची राहिली." मग तो रडायला लागला. लोरेटाने त्याचा दंड धरला, तर त्याने डोळे पुसून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमचे उपकार आहेत बाई. तुम्ही कुणाच्या ओळखीच्या?"

त्या दिवसापासून तो तिला अहो-जाहो करायला लागला. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने कॉफीचा कप उचलून ठेवला नाही की चांगली झालीय म्हटलं नाही, तो आता कप धुऊन ठेवायचा. दारातून आत शिरताना तिला आधी जाऊ द्यायचा. बाथरूमचं दार वाजवून विचारायचा. असा नवरा मिळावा म्हणून बायका मेणबत्त्या लावतात. लोरेटाला तो मिळाला आणि तिला सोसवेना.

डिसेंबरात एकदा तिच्याने राहवलं नाही. लग्नाचा फोटो समोर धरून तिने सांगितलं, नॉर्ब, अरे, मीच लोरेटा. तो फोटोकडे बघत राहिला, तिच्याकडे बघत राहिला, आणि भिंतीला पाठ लावून मागे मागे सरकला. मेलेल्या बाईची थट्टा करता, म्हणाला. कुणी पाठवलं तुम्हाला, म्हणाला. मग त्याने बाथरूमात जाऊन आतून कडी लावली आणि दोन तास तो आतून तिचं नाव घेऊन रडत होता. ती दाराच्या अलीकडे बसून हाका ऐकत होती आणि ओ देता येत नव्हती. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण कुणी हसण्यासाठी केली असेल, पण त्या कळशाचं काय होत असेल ते लोरेटाला विचारावं. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, तो म्हणेल ते म्हणा. तिने कानाला खडा लावला.

म्हणून आर्लीनने "वर घेते" म्हटल्यावर लोरेटाच्या डोक्यात एक आशा शिरली. आपण सांगून तो ऐकत नाही. फोटो दाखवून ऐकत नाही. पण छापलेल्यावर त्याचा विश्वास आहे. दगडाने सांगितलं ते त्याने मानलं, मग पत्रकाने सांगितलं तर का मानणार नाही? वरच्या यादीत, काळ्या शाईत, 'लोरेटा ॲन सोबचाक, पती नॉर्बर्टकडून' असं त्याच्या डोळ्यांसमोर आलं, तर कोण जाणे.

"घे वर," ती म्हणाली. "आणि आर्लीन, स्पेलिंग नीट बघ. नाहीतर माहीत आहे ना तो."

पुढचे दिवस ती त्या आशेवर जगली. आशा वाईट चीज. एकदा घरात घेतली की माणसाला कामाला लावते. लोरेटाने पार्लरमध्ये जाऊन केस जुन्या पद्धतीने, कानांवर वळवून घेतले. कपाटातला निळा कोट बाहेर काढून उन्हात टाकला. नॉर्बर्टला तो आवडायचा. निदान तिला तसं वाटायचं, कारण तो नावं ठेवत नसे.

आणि नॉर्बर्ट तिला तिच्याच गोष्टी सांगत असे. ईस्टर जवळ आला तशी त्याला मेलेली लोरेटा फार आठवायला लागली. बिटात घालून ती जो तिखट मुळा किसायची, तो खाऊन आमचा रेमंड ढसाढसा रडायचा, म्हणाला. ईस्टरच्या टेबलावर ठेवायचं लोण्याचं कोकरू विकत आणायची नाही, स्वतः घडवायची, आणि ते दर वर्षी कुत्र्यासारखं दिसायचं, पण मी कधी बोललो नाही, म्हणाला. ॲन मेरी गेली तेव्हा मी दारू प्यायला बसलो होतो आणि तिने एका शब्दाने विचारलं नाही, नुसतं माझं ताट वाढून झाकून ठेवलं, म्हणाला. हे मी तिला सांगायला हवं होतं.

लोरेटा अंडी रंगवता रंगवता ऐकायची. तिला रडू यायचं आणि रागही यायचा. एवढं कौतुक होतं तर मेल्या, मी समोर असताना का नाही केलंस? सवत असावी तर हाडामांसाची, तिच्याशी भांडता तरी येतं. ही तर तिचंच नाव लावून, तिच्याच घरात, तिच्याच नवऱ्याच्या तोंडी बसली होती, आणि दिवसेंदिवस गुणी होत चालली होती.

"पाकीट पोचलं असेल ना हो?" तो मधूनच विचारायचा. "तिचं नाव यायला हवं. मी तिला दुसरं काही देऊ शकलो नाही."

"पोचलं," ती म्हणायची. "येणार नाव. बघशील तू."

ईस्टरच्या सकाळी बाहेर अजून कडेकडेला मळका बर्फ होता आणि चर्चमध्ये लिलीचा असा घमघमाट होता की गाणाऱ्या मंडळींतले निम्मे लोक शिंकत होते. वेदीची पायरी दिसत नव्हती, नुसतं पांढरंच पांढरं. दोघं नेहमीच्या बाकावर, डाव्या हाताला सहाव्या, बसले. दारात मिळालेलं पत्रक नॉर्बर्टने मांडीवर ठेवलं, चष्मा पुसला, खिशातून पेन्सिल काढली. लोरेटाने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं खरं, पण तिची नजर शेजारच्या मांडीवर होती.

तो आधी खालच्या यादीत गेला. बोट एकेका नावावरून सरकत होतं. वॉल्टर सोबचाक. स्टेला सोबचाक. रेमंड. ॲन मेरी. बोट पुढे गेलं, थांबलं, पुन्हा वर आलं. त्याने सगळी यादी परत वाचली. तिसऱ्यांदा वाचली. त्याचा श्वास जोरात चालायला लागला. सांगावं का, वर बघ म्हणून? पण तिने ओठ दाबून धरले. त्याचं त्यालाच सापडलं पाहिजे.

प्रवचन अर्धं झालं तेव्हा त्याला सापडलं. लोरेटा ॲन सोबचाक, पती नॉर्बर्टकडून. बोट त्या ओळीखाली टेकलं आणि तिथेच राहिलं. मग त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. केसांकडे पाहिलं, निळ्या कोटाकडे पाहिलं. तिने तिथल्या तिथे देवाला काय काय कबूल केलं ते तिलाच ठाऊक.

"पेन्सिल बोथट झालीय," तो कुजबुजला. "तुमच्याकडे पेन आहे का?"

तिने पर्समधून पेन काढून दिलं. त्याने तिच्या नावाभोवती एक स्वच्छ गोल काढला, गोलातून एक बाण ओढला, तो दुसऱ्या यादीपर्यंत नेऊन ॲन मेरीच्या नावाखाली टेकवला, आणि कडेला खूण केली. छत्तीस वर्षांत हजारो वेळा केली असेल तशी. मग पेनाला टोपण लावून ते परत केलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, असं तिच्या मनात आलं. खालच्या यादीत राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? शंभर लोकांनी वाचलं असतं, दहा जणी हसल्या असत्या, आर्लीनने पुढच्या रविवारी दिलगिरी छापली असती. नॉर्बर्टला त्याची एक ओळ मिळाली असती. तीसुद्धा तिने घेतली होती.

प्रार्थना संपल्यावर ती त्याला बाजूच्या दाराने नेऊ बघत होती. पण तो मुख्य दाराकडे निघाला, जिथे फादर टॅड सगळ्यांशी हस्तांदोलन करत उभे होते आणि शेजारी आर्लीन रंगवलेली अंडी वाटत होती. मागे लांब रांग होती. सगळी ओळखीची माणसं, नवे कपडे घातलेली, घरी जाऊन जेवायच्या घाईत.

"फादर, तक्रार नाही करत," नॉर्बर्ट अदबीने म्हणाला आणि त्याने पत्रक पुढे धरलं. "यादीत एक चूक झालीय. माझी बायको गेली. तिला तुम्ही जिवंतांत घातलंय."

फादर टॅड वयाने लहान आहेत, दोन वर्षांपूर्वीच आले. ते पत्रकाकडे बघत राहिले. आर्लीनचं तोंड उघडं पडलं. "अरे नॉर्बर्ट," ती म्हणाली, "असं काय करतोस, लोरेटा तर ही…" आणि तिने हात उचलून लोरेटाकडे बोट केलं.

नॉर्बर्ट त्या बोटाच्या दिशेने वळला. शोधत होता. त्याची नजर लोरेटावरून गेली, तिच्या मागे गेली, रांगेतल्या चेहऱ्यांवरून फिरली आणि परत आली. "कुठे?" तो म्हणाला. "या बाई माझ्याकडे मदतीला असतात. लोरेटा कुठे आहे?"

डिसेंबरातला तो चेहरा लोरेटाने ओळखला. भिंतीला पाठ लावून मागे मागे सरकतानाचा. आता इथे भिंत नव्हती, कडी लावायला दार नव्हतं, आणि पन्नास माणसं बघत होती. फादर तिच्याकडे बघत होते. आर्लीन तिच्याकडे बघत होती. मी आहे म्हणावं तर तो इथेच कोसळेल. नाही म्हणावं तर आपल्या तोंडाने आपलंच मरण सांगावं लागेल. इकडे आड, तिकडे विहीर. डॉक्टर म्हणाले होते, तो म्हणेल ते म्हणा. डॉक्टरांना म्हणायला काय जातं?

"बरोबर आहे फादर," लोरेटा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "चूक झालीय. त्या गेल्या. खालच्या यादीत घ्या."

मग फादर टॅडनी नॉर्बर्टचा हात दोन्ही हातांत घेतला. "माफ करा, मिस्टर सोबचाक," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी दुरुस्ती छापतो. तुमच्या दुःखात आम्ही सगळे आहोत." नॉर्बर्टचे खांदे सैल झाले. त्याने मान हलवली. रांगेतून एक म्हातारी पुढे आली आणि तिने त्याच्या दंडाला हात लावला. मग मागचे एकेक जण आले. पोटात माया असलेली माणसं, दुसरं काय करणार होती? चांगली बाई होती हो लोरेटा, असं कुणीतरी म्हणालं. म्हणताना ते लोरेटाच्या शेजारी उभे होते आणि खाली फरशीकडे बघत होते. आर्लीनच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. अंड्यांची टोपली तिने कुणाच्या तरी हातात दिली आणि ती आत निघून गेली.

गाडीत बसल्यावर नॉर्बर्टने पत्रकाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. त्याचा चेहरा किती दिवसांनी शांत दिसत होता. लोरेटाने त्याचा पट्टा लावला, काच पुसली, पुसलेली काच पुन्हा पुसली. तिचे हात स्टिअरिंगवर आले पण किल्ली फिरवायचं तिला सुचेना.

"मी आपला माझ्याच दुःखात," नॉर्बर्ट म्हणाला. "तुम्हाला विचारलंच नाही. तुम्ही कुणाच्या नावाने फूल दिलंत?"

तिने कुणाच्याच नावाने दिलं नव्हतं. "नवऱ्याच्या," ती म्हणाली.

"वरच्या यादीत की खालच्या?"

समोर पोरं बर्फातून अंडी शोधत पळत होती. लोरेटा त्यांच्याकडे बघत राहिली. नॉर्बर्ट वाट बघत होता. त्याला प्रश्नाचं उत्तर लागतं, आधीपासूनच तसा.

"वरच्या," ती म्हणाली.

"म्हणजे आहेत ते."

"आहेत."

नॉर्बर्टने घाईने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "मग तुम्ही माझ्यापायी कशाला खोळंबता? सणाचा दिवस. मला दारात सोडा आणि तुम्ही घरी जा. ते जेवायचे थांबले असतील तुमच्यासाठी."

"जाते," लोरेटा म्हणाली, आणि तिने गाडी सुरू केली.